दाव्यांची रांग

"कामगार हेच या कंपनीचे खरे मालक," असं कंपनीचे मॅनेजिंग डायरेक्टर जहागीरदार साहेब दर वर्धापनदिनी माइकवरून सांगत. आठ महिने पगार थकवून धायरीच्या त्या कंपनीने दिवाळं काढलं, तेव्हा वॉचमनने या खऱ्या मालकांना गेटच्या आत घेतलं नाही.

थकलेल्या पगाराचे दावे कोर्टाने नेमलेला अधिकारी घेणार होता. मुलीची कॉलेजची फी अडलेली, म्हणून फिटर उत्तरेश्वर सकाळी सातलाच त्याच्या दारात रांगेला लागले. तरी एक जण पुढे होताच. खुद्द साहेब.

"आपण इथे कसे?"

"अहो, कागदोपत्री मीही पगारदारच की," म्हणत साहेबांनी आपला फॉर्म पुढे केला.


मग खिशातलं पेन उत्तरेश्वरांच्या हातात देत ते म्हणाले, "मी रोज वेळेवर कामावर यायचो, एवढ्याला साक्षीदार म्हणून सही करता का?"