बाबा सापडत नाहीत

"कोण आहे तो दीडशहाणा? नाव सांगा मला."

दिग्दर्शकानं कागदांचा गठ्ठा टेबलावर आपटला. पाण्याचा ग्लास कलंडला, पण पुसायला कुणी उठलं नाही. गेम कंपनीच्या त्या काचेच्या खोलीत पाच जण बसले होते आणि पाचही जण खाली बघत होते.

म्हातारा भडकला होता. भडकणार नाही तर काय! सव्वीस वर्षांपूर्वी त्यानं असा एक सिनेमा केला होता की लोक घरदार घेऊन बघायला गेले. त्यात फार काही नव्हतं. डोंगराखालचं एक गाव, आईबाबा आणि दोन भावंडं. दिवसभर काहीही होवो, दिवेलागणीला बाबा घरी यायचे आणि पोरं फाटकाकडे धावत सुटायची. त्या धावण्यावर भलेभले रडले. आता या कंपनीनं त्याचा व्हिडिओ गेम केला होता. अख्खं गाव मोकळं, भावंडं होऊन वाटेल तिकडे भटका. आणि पहिल्याच आठवड्यात खेळणाऱ्यांनी कंपनीची सालटी काढली.

"ऐका," म्हणत त्यानं चष्मा चढवला. "'डोंगर चढलो, नदी पोहून गेलो. शिंप्याच्या बकरीलासुद्धा नाव आहे. बाबा मात्र सापडत नाहीत.' हा दुसरा. 'चाळीस तास खेळलो. हा सिनेमा बघत लहानाचा मोठा झालोय मी. हे घर नाही, धर्मशाळा आहे.' आणि ही बाई. 'माझी सहा वर्षांची मुलगी प्रत्येक विहिरीत वाकून बाबांना हाका मारते. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?'" त्यानं कागद खाली ठेवला. "बोला ना. वाटते का?"

"सर, बाबा आहेत गेममध्ये," कंपनीच्या प्रमुख बाई म्हणाल्या. "प्रत्येक पात्राची दिनचर्या आम्ही एका तक्त्यात भरतो. कोण किती वाजता कुठे असतं, काय करतं. बाबांच्या ओळीत घरी यायची वेळ रात्री साडेअकरा अशी पडलीय. निघायची पहाटे साडेपाच. भावंडं नऊला झोपतात, आणि ती झोपली की गेम थेट सकाळी सातवर जातो. म्हणून ते कुणाला दिसत नाहीत. आठ दिवसांत दुरुस्त करतो आम्ही."

"म्हणजे माझ्या कथेतला बाप चोरासारखा येतो आणि चोरासारखा जातो?"

प्रमुख बाईंनी सांडलेलं पाणी रुमालानं टिपायला घेतलं. करणार तरी काय, कप्पाळ!

"किती जण माझ्या दारात आले या गेमसाठी. एकेकाला हाकललं मी. तुम्हाला का दिला? ही इथं आहे म्हणून." त्यानं टेबलाच्या टोकाला बसलेल्या आपल्या मुलीकडे बोट केलं. तीन वर्षं ती इथं कामाला होती. कंप्युटरवर काहीतरी करते, एवढंच त्याला ठाऊक होतं. "आता शेवटचं सांगतो. ज्यानं हे केलं त्याला आजच्या आज कामावरून काढा. नाहीतर माझं नाव काढा. गेमवरून, जाहिरातीतून, सगळीकडून."

त्याचं नाव गेलं की गेम बुडाला, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं. प्रमुख बाई छताकडे बघायला लागल्या. "नजरचुकीनं झालं असेल हो, सर."

"नजरचूक? पोरांची माया म्हणजे काय हे ज्याच्या गावीही नाही, अशा माणसाचं काम आहे हे! कुठाय तो तक्ता? दाखवा."

बाईंनी नाइलाजानं लॅपटॉप त्याच्याकडे फिरवला. तो मोठ्यानं वाचायला लागला, एकेका शब्दाला टोमणा मारत. "'साडेअकरा. बाबा दार वाजवत नाहीत, हळूच ढकलतात. चपला हातात घेतात.' वा रे वा! 'झाकून ठेवलेलं ताट उभ्याउभ्या संपवतात. मग मुलांच्या खोलीच्या दारात दोन मिनिटं थांबतात. चौकटीला कपाळ टेकवून...'"

तीच ओळ त्यानं पुन्हा वाचली, या वेळी मनात. सिनेमा करत होता ती चार वर्षं तो रोज असाच घरी यायचा. असाच मुलीच्या खोलीच्या दारात थांबायचा. हे त्यानं कुणालाच, अगदी बायकोलाही, कधी सांगितलं नव्हतं.

त्यानं मान वर केली. मुलगी त्याच्याकडे रोखून बघत होती. रागानं तिचा चेहरा लाल झाला होता.

"मी भरलंय ते," ती म्हणाली. "एकशे चाळीस पात्रं होती. शिंपी दुकान कधी उघडतो, पोस्टमन कधी फिरतो, सगळं दहा जणांना विचारून भरलं. बाबांची ओळ आली तेव्हा कुणाला विचारायचं सुचलंच नाही. घ्या, काढा मला."

"अगं, पण सिनेमा... सिनेमा पाहिलायस ना तू?"

"शंभरदा पाहिलाय. छान आहेत त्यातले बाबा."

म्हातारा खुर्चीत बसला. मघाचा सगळा जोर कुठच्या कुठे गेला होता. त्यानं स्क्रीनवरच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे दारातलं... हे तुला कसं माहीत? तू तर झोपलेली असायचीस."

"नाही बाबा. रोज जागी असायचे. वाटायचं, आज तरी आत येतील."