कावळ्याला दिलेला शब्द

गावची जमीन विकायची म्हणून संग्रामने वारसनोंद मागवली. त्यात त्याच्या पणजोबांचे थोरले भाऊ होते. जहाजावर नोकरीला लागून ते अमेरिकेला गेले ते गेलेच. नावापुढे शेरा होता, ‘निपुत्रिक’. आमच्या अपूर्वाने तिकडची जुनी रेकॉर्डं शोधली, तर त्यांचं लग्न, तीन मुलं आणि मृत्युपत्रही सापडलं. गावचा हिस्सा मुलांना दिलेला होता.

सर्वपित्रीला आमच्या दुबईतल्या, मनखूलच्या घराच्या बाल्कनीत संग्रामने त्यांचंही पान ठेवलं. दुपार टळली तरी कावळा एसीवरून हलेना. शेवटी संग्रामने हात जोडले. “तुमच्या मुलांना शोधतो, त्यांचा हिस्सा देतो.”

कावळा लगेच पानाला शिवला.

संध्याकाळी संग्रामने गावच्या वकिलाला फोन लावला. “निपुत्रिकच राहू दे. खलास.”

“बट बाबा, यू प्रॉमिस्ड,” अपूर्वा म्हणाली.

“कावळ्याला गं.”

जमीन विकली. मार्चमध्ये संग्रामचे वडील गेले.



आज सर्वपित्रीला त्यांचं पान ठेवलंय. संग्राम सकाळपासून शब्दावर शब्द देतोय, आणि कावळा एसीवर बसून त्याच्याकडे नुसता बघतोय.