फ्रिजमधली किल्ली

"तुझ्या मामांपेक्षा ते यंत्रच जास्त बोलतंय," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी पडद्यावरचं चित्र थांबवलं. "मुलाखत पुन्हा घेऊन ये. उद्या सकाळी परीक्षक बसतील. जमलं नाही तर पुढच्या वर्षी भेटू."

भाचीनं मान डोलावली. विद्यापीठ एवढंसं, त्यातला चित्रपट विभाग तर चिमूटभर. तीन खोल्या, दोन कॅमेरे आणि एक मॅडम. आणि पुढचं वर्ष मिळणारच नव्हतं. नापास झालीस तर सरळ काकांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, असं वडिलांनी केव्हाच सांगून ठेवलं होतं.

दुपारीच ती स्कूटर काढून मामांकडे निघाली. मागे मांडीवर माइकची पेटी सांभाळत तिचा वर्गमित्र. त्याला सगळे कानसेन म्हणत. शेजारच्या खोलीतलं घड्याळसुद्धा त्याला छळायचं.

मामी दारातच चपला घालत होत्या.

"मी बहिणीकडे जाऊन येते, संध्याकाळ होईल. आणि हे बघ गं, मागच्या खेपेला आवाज नको म्हणून फ्रिज बंद केलात आणि तसेच उठून गेलात. पातेलंभर दूध नासलं माझं."

"आता नाही होणार, मामी."

"तुझ्या मामांना विसरलात तर चालेल, दुधाला विसरू नका."

"ऐकलंस?" आतून मामांचा आवाज आला. "घरातली माझी जागा ही."

मामा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं यंत्र. पूर्वी त्यांचा फोटो स्टुडिओ होता. अर्ध्या शहराचे ओळखपत्रांवरचे फोटो त्यांनीच काढलेले, म्हणून अर्धं शहर त्यांच्यावर नाराज होतं. पुढे फुप्फुसांनी संप पुकारला, स्टुडिओ विकला आणि हे यंत्र घरात आलं.

कानसेननं हेडफोन चढवले आणि तोंड वाकडं केलं. "घरघर."

"बंद कर की," मामा म्हणाले. "बसल्या जागी अर्धा तास मला काही होत नाही. डॉक्टरच म्हणालेत." त्यांनी स्वतःच नळी काढून खुर्चीच्या हातावर टाकली. भाचीनं यंत्राचं बटण दाबलं.

कानसेननं डोळे मिटले. "अजून एक आहे. बारीक."

तो फ्रिज होता.

याबाबत मॅडमचा पहिल्या तासापासूनचा नियम होता. शूटिंगसाठी फ्रिज बंद केला की गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्लीसाठी फ्रिज उघडला की तो बंद असल्याचं दिसतंच. मागच्या खेपेला दोघं बसनं आले होते, तिथंच घोळ झाला. आज भाचीनं किल्ली थेट दुधाच्या पातेल्याला टेकवून ठेवली.

"पहारेकरी बसवला," कानसेन म्हणाला.

खोली शांत झाली. कानसेनच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं.

"मामा, तुमचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक कोण?"

मागच्या वेळी मामा गाडी पकडायची असल्यासारखे भरभर बोलले होते. आज ते शब्दाशब्दात जागा सोडत होते. मॅडमना असे विराम फार आवडत. भाची मनातून खूश झाली.

"जन्मभर लोकांना एकच सांगितलं," मामा म्हणाले. "हलू नका... श्वास रोखा. लोक लगेच... खोटे व्हायचे. मान ताठ, डोळे वटारलेले."

"मग खरं कोण दिसायचं?"

"झोपलेलं पोर. आईच्या खांद्यावर आलेलं. त्याला काही... सांगावं लागत नाही."

कॅमेऱ्यात त्यांचे ओठ जरा निळसर दिसायला लागले. खिडकीतला उजेड निळा असतो, हे तिला लहानपणी मामांनीच शिकवलं होतं. तिनं कॅमेऱ्यातला रंग थोडा पिवळ्याकडे सरकवला. ओठ ठीक दिसायला लागले.

"अजून एकच प्रश्न, मामा."

मामांनी हसून मान हलवली, काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि मग त्यांची मान हळूच छातीवर कलली. डोळे मिटले. खिडकीतला उजेड कपाळावर पडला होता. भाचीनं कॅमेरा थांबवला नाही. लोकांना हलू नका म्हणणारा माणूस झोपेत खरा दिसत होता. याहून चांगला शेवट तिला मागूनही मिळाला नसता.

कानसेननं अंगठा वर केला.

दोघांनी पायांचा आवाज न करता सामान आवरलं. भाचीनं मामांच्या अंगावर शाल टाकली. दारापाशी गेल्यावर तिनं सवयीनं खिसा चाचपला, आणि नियम चोख कामाला आला. ती मागे फिरली, फ्रिज उघडला, किल्ली घेतली, फ्रिज चालू केला. दूध अजून गार होतं. तिचा जीव भांड्यात पडला.

दार तिनं अगदी अलगद ओढून घेतलं.

संध्याकाळी संकलनाच्या खोलीत मॅडमनी सगळं शेवटपर्यंत पाहिलं.

"आत्ता कुठे माणूस ऐकू आला," त्या म्हणाल्या. "उद्याची काळजी सोड. आणि ही शेवटची झोप तू त्यांना सांगून करवून घेतलीस?"

"नाही मॅडम, आपोआपच झालं."

"मग नशीबवान आहेस."

तेवढ्यात भाचीचा फोन वाजला. मामी होत्या.

"मामी, आधी मला सांगा," भाची हसत म्हणाली, "दूध नासलं नाही ना?"

पलीकडे कानसेनला हवी असते तसली शांतता होती.

"दूध चांगलं आहे," मामी म्हणाल्या. "यंत्र कुणी बंद केलं?"