मसाजीचं प्रात्यक्षिक

“आधार कार्ड वर ठेवू का खाली?” अनुसयाबाईनं विचारलं.

“कुठं बी ठेव. त्यान्ला चूकच काढायची असती.”

नवरा-बायको हिंगोलीच्या सभागृहासमोर लिंबाखाली बसले होते. त्याच्या मांडीवर सनई, तिच्या मांडीवर कागदांची पिशवी. लोककलावंतांच्या मानधनासाठी मसाजीचा हा तिसरा अर्ज.

पहिला अर्ज. कार्यक्रमाचे फोटो नाहीत. सबब त्रुटी.

फोटो कुठून असणार? नवरा-नवरीचा फोटो निघतो तेव्हा वाजवणारा मांडवाच्या बाहेर असतो.

दुसरा अर्ज. ध्वनिचित्रफीत जोडावी. सबब त्रुटी.

ती मात्र सापडली. शिरड शहापूरच्या एका लग्नाची सीडी. मसाजी तिच्यात दिसत होता, गाल फुगवून, डोळे मिटून. पण शूटिंगवाल्यानं सगळ्या लग्नावर सिनेमाची गाणी चढवली होती. फुंकत होता मसाजी आणि गळा भलत्याच बाईचा. साहेब लोक हसले म्हणे.

यंदा नियम बदलला. समितीसमोर वाजवून दाखवायचं. प्रात्यक्षिक. हे पुनम मॅडमनी फोनवर सांगितलं. सगळ्या कार्यालयात तेवढीच बाई नीट बोलायची. तिला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आवाज तेवढा ओळखीचा.

“या खेपेला न्हाई झालं तर पुण्याला जायाचं,” अनुसयाबाई म्हणाली. “कबूल केलंय तुमी पोराला, मुन्नाला.”

“ध्यानात हाय.”

“वॉचमनची खोली चांगली हाय म्हणतो. आत नळ हाय.”

“अन् सनईचं काय करू तिथं?”

“वॉचमनला शिट्टी देतेत म्हणं. ती फुका.”

मसाजी हसला नाही. डीजे आल्यापासून त्याला कुणी सुपारी दिली नव्हती. मानधन मिळालं तर दोन शेळ्यांवर गावातच निभणार होतं. सनई हातात राहणार होती.

फाटकापाशी छातीला बिल्ला लावलेला एक माणूस फोनवर कुणाला तरी झापत होता. “अजून औंढ्यातच? मग इथं काय मी वाजवू?” फोन खिशात कोंबून तो वळला आणि त्याला मसाजी दिसला.

“ओ मामा! सनई तुमची का?”

“व्हय.”

“मग बसून काय राहिले? समितीच्या गाड्या येऊन राहिल्या. उठा, उठा! अन् मोबाईल बंद करा.”

अनुसयाबाईनं घाईघाईत फोन बंद केला. उघड्या दारातून आतल्या खुर्च्या दिसत होत्या. स्टेज, माईक.

“आवो, आत जायाचं का?” तिनं हळूच विचारलं.

“येडी का काय? आत कोण वाजवतंय सनई?”

तो दाराच्या डाव्या अंगाला जाऊन उभा राहिला. हरेक मांडवात तो तिथंच उभा राहत आला होता. सनईची पत्ती ओठांत भिजवली. गाड्यांची दारं उघडली आणि त्यानं पहिला सूर लावला.

मिरवणुकीची चाल नाही. बापानं शिकवलेली, सकाळची. सूर धरणारा भाऊ वारल्यापासून तो ती एकट्यानं वाजवायचा, शेळ्यांमागं.

समितीतली पांढऱ्या केसांची बाई पायरीवरच थांबली. मागचे साहेब लोकही थांबले. एकानं घड्याळ पाहिलं, तिनं हातानंच त्याला गप्प केलं. सूर संपेपर्यंत ती हलली नाही.

“कुणाकडं शिकलात?”

“बापाकडं, मॅडम.”

“फार दिवसांनी असं ऐकलं,” ती म्हणाली आणि आत गेली.

बिल्लेवाल्यानं मसाजीच्या हातात नारळ ठेवला, खांद्यावर टॉवेल टाकला. “झकास, मामा! या आता.”

“झालं?”

“झालं की.”

“कागद पाह्यचे न्हाईत?” अनुसयाबाईनं पिशवी पुढं केली.

“कागद कशाला, मावशी?”

कागद कशाला. दुपारी उशिरा मिळालेल्या एसटीत अनुसयाबाई हे तीनदा म्हणाली. मसाजी खिडकीतून बाहेर बघत राहिला. नारळ त्यानं पिशवीत ठेवू दिला नाही.

कनेरगाव नाक्यावर उतरून दोघं ढाब्यावर बसले. मसाजीनं न विचारताच भजे सांगितले.

“मुन्नाला सांगा आता,” अनुसयाबाई म्हणाली. “ती खोली अडवून बसलंय लेकरू.”

मसाजीनं फोन चालू केला.

“बाबा, नक्की का?” मुन्नानं विचारलं. “शेठ रोज विचारून राहिला. दुसरा माणूस दारात उभा हाय त्याच्या.”

“नक्की. दे त्याला खोली. गरीब असंल बिचारा.”

“मागून परत म्हणू नका.”

“न्हाई म्हणत.”

फोन ठेवला तोच पुन्हा वाजला.

“पुनम मॅडम हायेत,” मसाजी हसत म्हणाला आणि अनुसयाबाईला ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला. “बोला मॅडम!”

“मामा, कुठं आहात तुम्ही? दुपारपासून फोन लावतेय. माईकवर तीनदा नाव पुकारलं तुमचं. मी समितीच्या मॅडमच्या हातापाया पडले, गरीब माणूस आहे, येईल, थांबा. शेवटी गैरहजर लिहून त्यांनी सह्या केल्या. गेल्या त्या.”

मसाजीनं नारळाकडं पाहिलं.

“आणि बोलणी मला खावी लागली. म्हणाल्या, असे लोक अर्ज करतात आणि येत नाहीत, अन् सकाळी दारात स्वागताला सनई वाजवत होते त्या म्हाताऱ्या बाबांचा साधा अर्ज नाही. मामा, तुमच्याच भागातले असतील ते. ओळखीचे असले तर एवढं सांगा त्यांना, पुढच्या वर्षी अर्ज भरा म्हणावं.”