डब्यातल्या चिठ्ठ्या

तेजश्रीनं पिशवी उलटी केली आणि टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग पडला.

“बघा ताई, आठ महिने हा माणूस माझा जीव खातोय!”

समोर दौंडच्या सुलक्षणाताई शितोळे होत्या. वीस वर्षं कॅन्टीन चालवलेली बाई. आता दर महिन्याला शिरूरला येऊन छोट्या धंदेवाल्यांना मोफत सल्ला द्यायच्या. तेजश्री शिक्रापूरच्या भाडेकरू कामगारांना जेवणाचे डबे पुरवायची. दोनशे माणसांच्या जेवणाचं काम देण्याआधी एका कंपनीनं तिच्याकडं सोमवारी नमुना मागितला होता. तिचं नाव त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे! आनंदानं तिला दोन दिवस झोप नव्हती आणि भीतीनं घास उतरत नव्हता. कुणीतरी जाणतं माणूस पाठीशी हवं, म्हणून ती स्कूटीवर धावत आली होती.

सुलक्षणाताईंनी पहिलाच प्रश्न विचारला होता, “गिऱ्हाईक नावं कशाला ठेवतं?” आणि तेजश्रीचा बांध फुटला होता.

रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून बाकीचे भाडेकरू डब्यात चिमूटभर साखर टाकायचे. भिमाजीमामा चिठ्ठी टाकायचे. कारखान्यात माल तपासण्यात उभा जन्म गेलेला माणूस! वर तारीख, खाली चूक, त्याखाली कारण. ‘आमटी सांडली. झाकणाचं रबर सैल.’ ‘पोळी ओली. गरम असताना घडी घातली.’ शेवटी आज सकाळी तिनंही मामांच्या डब्यात चिठ्ठी सरकवली होती: ‘उद्यापासून तुमचा डबा बंद.’ काय बरं वाटलं होतं तिला!

सुलक्षणाताई एकेक चिठ्ठी वाचत होत्या. मध्येच हसत होत्या.

“रबर बदललं?”

“बदललं की.”

“पोळ्या गार करून भरायला लागलीस?”

“व्हय. शिव्या देत देत, पण लागले.”

“तवा डबे किती होते?”

“बारा.”

“आन् आता?”

“साठ,” तेजश्री म्हणाली आणि तिची नजर चिठ्ठ्यांच्या ढिगावर गेली.

सुलक्षणाताईंनी चिठ्ठ्या नीट रचून तिच्या हातात दिल्या. “अगं येडे, माझ्याकडं कशाला आलीस? आठ महिने तुझ्याकडं एवढा मोठा मास्तर फुकट राबतोय. सोमवारचा नमुना आधी त्यांना खायला घाल!”

तेजश्रीला सकाळी सरकवलेली चिठ्ठी आठवली. तिनं घड्याळ पाहिलं. बारा वाजले होते. मामा दुसऱ्या पाळीला जायचे, बरोबर एक वाजता खोलीवर डबा उघडायचे. त्यांचा फोन लागेना. तिनं नवऱ्याला लावला. “सगळे डबे कवाच पोचवले,” सत्यजीत म्हणाला.

ती उठली ती थेट स्कूटीवर. हायवेला ट्रकांची ही रांग! कडेकडेनं, धूळ खात ती निघाली. डोळ्यांत पाणी होतं आणि तरी हसूही फुटत होतं. ज्या जाणत्या माणसासाठी शिरूर गाठलं, तो घरापासून चार गल्ल्या पलीकडं पोळीच्या घड्या मोजत बसला होता! फक्त आज त्यानं डबा अजून उघडलेला नसू दे.

ती पोचली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. भिमाजीमामा दाराला कुलूप लावत होते. पायरीवर घासूनपुसून लख्ख केलेला डबा ठेवला होता.

“मामा, ती चिठ्ठी... चुकलं माझं. रागात लिवली,” तिला धाप आवरेना.

मामांनी तिच्याकडं पाहिलं. बोलण्यात ते कधीच मोकळे नव्हते. त्यांनी डबा तिच्या हातात दिला. “मला उशीर होतोय,” म्हणाले आणि चालू पडले.

तिथंच पायरीवर टेकून तिनं झाकण काढलं. आत नेहमीसारखी चिठ्ठी होती. वर आजची तारीख.

‘चूक नाही. मीठही बरोबर. डबा खुशाल बंद करा. यापुढं तुमच्याच हातचं आमच्या कंपनीत जेवायचं म्हणून तर साहेबांना तुमचं नाव दिलं.’