खरी कुठली

"घाई नाही. नीट बघा आणि खरी कुठली ते सांगा," फौजदार म्हणाले.

चौकीच्या मागच्या खोलीत टेबलावर दोन चित्रं उभी होती. दोन्हींत खिडकीपाशी बसलेली बाई, दोन्हींत निळी शाल. एक दादाच्या वडिलांनी काढलेलं, दुसरी चोरानं करवून घेतलेली नक्कल. एकच माल दोनदा विकायचा होता ना! तज्ज्ञांनी कधीच हात टेकले होते. वडीलही आता नव्हते. आईला पाहिलेला उरला एकटा दादा. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा, बहीण तान्ही. घरात आईचा फोटो एकही नव्हता. होतं ते एवढं एक चित्र, तेही मेल्यानं सोडलं नाही.

दादा बघत राहिला. चेहऱ्यांत फरक होता, नाही असं नाही. एक बाई जरा दमलेली, दुसरी हसरी. त्यानं डोळे मिटून घेतले. आईची हाक आठवत होती, कपाळावरचा तिचा ओला हात आठवत होता. चेहरा काही केल्या आठवेना.

"अगं बाई, खळी!" शेजारी उभी असलेली बहीण हसरीकडे धावली. "दादा, तू म्हणायचास ना, आईला माझ्यासारखी खळी होती म्हणून!"

म्हणायचा खरा. लहानपणी ती रडून घर डोक्यावर घ्यायची, तेव्हा तिला गप्प करायला तो काहीबाही सांगायचा. त्यातलं खरं किती आणि थापा किती, हे आता त्यालाही कळत नव्हतं.

बहीण चित्रासमोर हमसून हमसून रडत होती. एवढी मोठी बाई, पण "आई, आई" करत होती.

"हीच ना?" फौजदारांनी विचारलं.

"हीच. आईला कोण विसरेल हो?" दादा म्हणाला.

बहीण चित्र पोटाशी धरून गाडीकडे गेली. शिपायानं दुसऱ्या चित्राच्या पाठीवर खडूनं 'नकली' लिहिलं.

दादा दारातच घुटमळला. "साहेब, त्या चित्राचं काय करता?"

"नकली माल ना? जाळायचा हुकूम आहे. उद्या सकाळी, मागच्या अंगणात. का हो?"

"काही नाही. येऊन उभा राहीन म्हणतो. घरचं कुणीतरी असावं."