आंबेखोलची सुतारगल्ली

"सुतारगल्ली? ती पाण्याखाली हाय पावणं," विजयसिंह म्हणाला आणि कोयत्यानं केळीचं पान सपकन उतरवलं. "हितं नुसत्या घरांच्या लायनी. आमची चौथी."

आदर्शनं मान डोलावली. बुडालेल्या गावांतल्या गल्ल्यांचे नकाशे करतोय, जुन्या माणसांना विचारत फिरतोय, असं त्यानं वसाहतीत शिरताना सांगितलं होतं. धरणानं उठवलेलं अर्धं आंबेखोल पेठ वडगावजवळच्या या माळावर येऊन राहिलं होतं. लोकांनी त्याला कौतुकानं या दारापर्यंत आणून सोडलं. त्याला नेमकं हेच घर हवं होतं, आणि याच घराची धास्ती होती.

वसाहतीच्या तोंडाशी, पाण्याच्या टाकीखाली, त्याची गाडी उभी होती. आत त्याचे वडील, आण्णा, काचा वर करून बसले होते.

आण्णांनी जन्मभर गडहिंग्लजच्या बाजारात हमाली केली. गाव कुठलं असं विचारलं की विषय बदलायचे. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा कुठे त्यांनी पोराला जवळ बसवून सांगितलं. आपलं खरं नाव आकाराम. गाव आंबेखोल. गाव उठायच्या वेळी घरातले देव कुणी न्यायचे यावरून थोरल्या भावाशी भांडण पेटलं. देव्हारा एकच, आणि दोघांना जागा मिळालेल्या दोन ठिकाणी. नदीकाठी बाचाबाची झाली, हातात दगड आला. बाळासोदादा रक्तबंबाळ होऊन पडला तो हलेनाच. आण्णांनी रक्तानं भरलेला सदरा काढून टाकला, चपला तिथंच सोडल्या आणि पोहत पलीकडे गेले. तेव्हापासून त्या माणसांचं नावसुद्धा त्यांनी काढलं नव्हतं.

"वैनीच्या पायावर डोकं ठेवायचंय," ते म्हणाले होते. "मग मारू देत मला."

मारतीलही, असं आता आदर्शला वाटत होतं. विजयसिंह बाळासोचा थोरला मुलगा. मनगट चांगलं जाडजूड होतं आणि कोयता हातातून सुटत नव्हता.

"सुतारगल्लीचं नाव तुमाला कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं. "सरकारी नकाशात त्ये न्हाई. आमीच तसं म्हणायचो."

"एका म्हाताऱ्यानं. स्टँडवर भेटले होते."

"कोण म्हातारा?"

"नाव नाही विचारलं."

विजयसिंह पान पुसत राहिला, पण त्याची नजर आदर्शच्या चेहऱ्यावरून हलेना. "तुमाला कुटंतरी बघितल्यागत वाटतंय," तो म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई धोंडुबाई बाहेर आली. म्हातारी वाकलेली होती, पण आवाज खणखणीत. "आरं, पावण्याला दारात काय उभं केलंयस? आज आमचा म्हाळ हाय बाबा, पितरांचं जेवाण. जेवल्याबिगर सोडायची न्हाई मी."

तिनं त्याला सोप्यात बसवलं आणि परातीतल्या पिठात बोटानं गाव काढून दाखवलं. "ह्यो पार. ही हीर. हीरीपास्नं खाली सुतारगल्ली. तिसरं दार आमचं."

आण्णांनी अगदी असंच काढून दाखवलं होतं.

"आणि मागं फणस," आदर्श बोलून गेला.

धोंडुबाईचं बोट थांबलं. विजयसिंह उठला. त्यानं दार लोटून घेतलं आणि पुन्हा आदर्शसमोर येऊन बसला.

"कुत्री शिरत्यात," तो म्हणाला.

आदर्शनं दाराकडे पाहिलं. पळावं तर वाटेत हाच बसलेला. नजर चुकवायला म्हणून त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथं हार घातलेला एक फोटो होता. मिशा पांढऱ्याशुभ्र, गालफडं बसलेली, कपाळावर जुनी खोक.

"हे कोण?"

"माझा बा," विजयसिंह म्हणाला. "बाळासो."

म्हणजे काका त्या दगडानं मेलाच नव्हता! चांगला म्हातारा होऊन गेला होता. आदर्शला एकदम रडू आलं. आण्णा उगाच जन्मभर जळत राहिले होते. हात धुवायचं निमित्त करून तो परसात गेला आणि त्यानं फोन लावला.

"आण्णा, काका त्यात गेला नव्हता. म्हातारपणी गेलाय. तुम्ही कुणाचा जीव घेतला नाही. या. चौथी लाईन, दारात तुळस आहे."

पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला.

तो आत आला तेव्हा दोन पानं वाढली होती. घरातल्या मेलेल्या माणसाच्या नावानं जिवंत माणूस बसवायचा, त्याला पितर समजून जेवू घालायचं, ही त्यांची रीत. एका पानावर शेजारचा म्हातारा बसला होता.

"तो आमच्या ह्येंच्या नावानं," धोंडुबाई म्हणाली. "दुसऱ्या पितराचा माणूस आलाच न्हाई. पावणं, तुमीच बसा."

नाही म्हणायचं कारण उरलं नव्हतं. आदर्श हसत पाटावर बसला. विजयसिंहानं कोयता बाजूला ठेवून त्याचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं.

"मी कुणाच्या नावानं?" त्यानं विचारलं.

"माझ्या दिराच्या. आकारामच्या."

आदर्शचं हसू विरलं. "ते कशानं गेले?"

"कशानं म्हंजे? ह्येंनीच मारला की त्याला." धोंडुबाई आमटी वाढत होती. "नदीला चपला घावल्या, रक्तानं भरल्याला सदरा घावला. मुडदा काय घावला न्हाई, पाणी चढलं. दोघं भांडत गेलं, ह्ये एकलंच माघारी आलं, ह्ये मीच कोर्टात सांगितलं. जल्मठेप झाली. जेलातच क्यास पिकलं. मरंस्तोवर म्हणत हुतं, म्या न्हाई मारलं, धोंडे, त्योच मला मारून पळाला." तिनं पदरानं डोळे टिपले. "माज्या लेकरासारका दीर. म्या काय इस्वास ठेवला न्हाई. सुटून आलं तवा भाकरी दिली, पर ह्ये मेलं तरी बोलली न्हाई."

लोटलेलं दार उघडलं.

"कोण पायजे?" विजयसिंहानं विचारलं.

उंबऱ्याबाहेरचा म्हातारा हात जोडून आत बघत होता.

"वैनी," तो म्हणाला, "मी आकाराम."